डाव्या हातची फेक

बाबा,

तुम्हाला हे आवडणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. मी आता डाव्या हातानं गळ फेकते. तामसीकडच्या तलावाच्या पाळीवर, भर उजेडात, चार लोकांच्या देखत. आणि गळ जिथं पडावा असं माझ्या मनात असतं, तिथंच तो पडतो. तुम्ही शेजारी असता तर माझ्या डाव्या हातातली काठी काढून उजव्या हातात दिली असती, हे मला माहीत आहे. मी ती परत डाव्या हातात घेतली असती. एवढं एक वाक्य तुमच्यासमोर उच्चारायला मला पन्नाशी ओलांडावी लागली, आणि तोवर तुम्हाला जाऊन किती पावसाळे झाले.

बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीच्या क्वार्टरमधले रविवार मला वासासकट आठवतात. आई कोळशाच्या शेगडीवर कोंडा भाजते आहे. तुम्ही ओट्यावर बसून भुईमुगाची ढेप कुटता आहात. मग त्यात भिजवलेली शिळी भाकर, कोंडा, गुळाचं पाणी, आणि त्या काल्याचे लाडू. आई आतून म्हणते, "लेकराइले कदी इतके लाडू वळले नाई तुमी, मासोळ्याइले वळून राह्यले." तुम्ही हसता, पण हात थांबत नाहीत. आठवडाभर तुम्ही खाणीच्या तोंडावरचं इंजिन चालवायचे, ज्याच्या दोराला माणसांचा पिंजरा टांगलेला असायचा ते. खाली जाणाऱ्यांचा आणि वर येणाऱ्यांचा जीव तुमच्या हातातल्या दांड्यावर. पिंजरा बरोबर जमिनीच्या पातळीला थांबला पाहिजे, वीतभर वर नाही की वीतभर खाली नाही. दोर गुंडाळणाऱ्या चाकावर पांढऱ्या रंगाची खूण होती आणि तुमचे डोळे तिच्यावर. कॉलनीतले लोक म्हणायचे की तुमची पाळी असली की पिंजऱ्यातून उतरताना पायाखाली पाहावं लागत नाही. हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की एखादी वस्तू रोज त्याच जागी आणून थांबवणं याच्याहून मोठं काम जगात असेल असं मला वाटतच नव्हतं.

तळ्यावर तुम्ही तेच करायचे. बाकीचे लोक जोर लावून लांब फेकायचे आणि कोणाचा गळ किती दूर गेला यावर वाद घालायचे. तुम्ही आधी नुसते उभे राहायचे. पलीकडच्या काठावरचं एक ताडाचं झाड हेरायचे, त्याच्या रेषेत ढेपेचे लाडू हातानं टाकायचे, एकावर एक, जिथं पाण्यावर आधीच्या लाडवाचं वर्तुळ अजून विरलेलं नसायचं तिथंच. मग गळ. पहिल्या फेकीनंतर बारीक नायलॉनच्या दोरीवर, रिळाच्या अगदी तोंडाशी, लाल धाग्याची गाठ बांधायचे. पुढच्या प्रत्येक वेळी दोरी सुटत असताना ती गाठ बोटाखालून गेली की बोट हलकेच दाबायचं. गळाजवळ वजनाला बांधलेलं शिसं हवेतच जरा अडखळायचं आणि टप्पकन त्याच जागी बुडायचं. टोकापासून शिसं रोज तेवढंच लोंबतं ठेवायचं, काठी रोज खांद्यावरून तेवढीच मागं न्यायची, नजर ताडाच्या शेंड्यावरून हलू द्यायची नाही. मी शेजारी बसून हे सगळं पाहून पाठ केलं होतं. "आपला चारा एकीकडं अन् गळ दुसरीकडं," तुम्ही म्हणायचे, "तर मासोळी का पत्ता इचारत येईल काय?"

तुम्हाला आठवतो का तो दिवस, मला पहिल्यांदा काठी दिली तो? मी पाचवीत असेन. पाळीवर तुमचे खाणीतले मित्र होते, बाया कपडे धूत होत्या. मी काठी घेतली आणि विचार न करता डाव्या हातात धरली. मागं नेली. मला अजूनही आठवतं, त्या क्षणी सगळं जागेवर होतं. ताड समोर होता, शिसं लोंबत होतं, खांदा मोकळा होता. तेवढ्यात तुम्ही मागून येऊन माझं मनगट धरलं. माझी बोटं उलगडून काठी काढली, उजव्या हातात दिली आणि म्हणालात, "आता फेक." मी फेकली. गळ तिरपा गेला, शेजारच्या काकांच्या दोरीवर पडला, दोन्ही दोऱ्यांचा गुंता झाला. मी पुन्हा फेकली, या वेळी तो आमच्याच पायाशी चिखलात. सगळे हसले. हसण्याचं मला एवढं वाटलं नाही. तुम्ही गुंता सोडवत, माझ्याकडं न पाहता म्हणालात, "तुह्या हाताले अंतरच समजत नाई, माय." ते मात्र राहिलं. माझ्या कोणत्या हाताला, ते तुम्ही सांगितलं नाही. मी दोन्ही धरून चालले.

घरात तर ते त्याआधीच सुरू होतं. पाटीवर लिहायला बसले की तुम्ही आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी घेऊन माझा डावा हात पाठीशी बांधायचे. रागानं नाही, हेच तर अवघड आहे. गाठ सैल बांधायचे, मनगटावर वळ उठू नये म्हणून खाली रुमाल ठेवायचे. जेवताना डावा हात ताटाकडं गेला की चमच्याच्या दांडीनं बोटांवर एक टिचकी. आई अधूनमधून म्हणायची, "लिहू द्या ना जी, अक्षर तं येऊन राह्यलं." तुम्ही म्हणायचे, "तुले नाई समजत." पण तुम्ही ड्यूटीवर गेलात की आई पट्टी सोडून टाकायची आणि म्हणायची, "बाबा यायच्या आंधी बांधून घेजो." मग मीच उजव्या हातानं आणि दातांनी पट्टी परत बांधून घ्यायची. त्यात मी तरबेज झाले होते.

पण तुम्ही मला काठी दिलीत, हेही लिहायला हवं. शाळेतली नोकरी लागली, महाराष्ट्राच्या सरहद्दीकडच्या गावात नेमणूक झाली, आणि निघायच्या दिवशी तुम्ही तुमची नवी काठी, रिळासकट, जुन्या चादरीत गुंडाळून माझ्या हाती ठेवली. बसस्टँडवर लोक पाहत होते, मुलगी नोकरीला चालली आणि बाप तिला मासे धरायची काठी देतो. तुम्ही कोणाकडं लक्ष दिलं नाही. "रविवारी काय करशील तिथं? घे. बंद खोलीत बसून राहू नको." दुसऱ्या कोणत्या बापानं हे केलं असतं? म्हणून तुमच्याशी भांडणं इतकं कठीण होतं. तुम्ही दुष्ट असता तर मी विशीतच भांडून मोकळी झाले असते.

भांडले ते माझ्यासाठी नाही. उन्हाळ्याची सुट्टी होती, तुम्ही रिटायर होऊन कॉलनीबाहेरच्या दोन खोल्यांच्या घरात राहत होता, आणि माझी लेक तुमच्यासमोर बसून आमरस खात होती. डाव्या हातानं. तुम्ही हसत हसत खिशातून रुमाल काढलात, "चाल, आपून एक खेळ खेळू," म्हणालात, आणि तिचं मनगट धरलंत. मी स्वयंपाकघरातून ते पाहिलं. मला आठवत नाही मी कशी धावले. एवढंच आठवतं की तुमच्या हातातला रुमाल माझ्या हातात होता आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता.

"बाबा, तिच्या हाताला हात लावायचा नाही."

"मी का मारून राह्यलो काय तिले?"

"मला मारलं नव्हतंच तुम्ही. बांधलं होतं."

लेक आमरसाचं बोट तोंडात धरून आमच्याकडं पाहत होती. आई दारात येऊन उभी राहिली. तुम्ही लेकीचं मनगट सोडलंत. मग जे बोललात ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. "तुले काय वाटते, मी शकून-अपशकून मानतो? बुद्धवंदना म्हणणारा माणूस मी. पन तू पाह्यलं नाई. मी लहान होतो तवा गावात माह्या मायनं कोनाले पानी देलं तं घेत नव्हते. उजव्या हातानं देलं तरी घेत नव्हते. आता आपून शिकलो, नोकरी लागली, आता लोक घेतात. त्याइले आनखी एक बहाना कायले द्याचा? डाव्या हातानं देलं म्हणून नाई घेतलं, असं म्हनाले त्याइले जागाच नाई ठेवाची, बस."

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पाणी न घेणारे ते हात तुम्ही पाहिले होते, मी फक्त ऐकले होते. पण रुमाल मी परत दिला नाही, आणि दुपारच्या बसनं लेकीला घेऊन निघाले. तुम्ही स्टँडवर आलात, बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहिलात, लेकीच्या हातात चिक्की दिलीत. ती तिनं डाव्या हातानं घेतली. तुम्ही पाहिलंत, आणि तशीच घेऊ दिलीत. त्यानंतरचा पावसाळा तुम्ही पाहिला नाही. म्हणून त्या दिवशी जे उत्तर माझ्याजवळ नव्हतं, ते आता देते आहे.

तुम्ही गेल्यावरही कितीतरी वर्षं मी उजव्याच हातानं फेकत राहिले. ताड हेरायचे, चारा टाकायचे, गाठ बांधायचे, सगळं तुमच्यासारखं, आणि गळ कधी अलीकडं तर कधी पलीकडं. मासे मिळायचे, चुकून भटकत आलेले. मला वाटायचं, तुम्ही सांगूनच ठेवलंय, या हाताला अंतर समजत नाही. डावा हात वापरून पाहावा हे मला सुचलंसुद्धा नाही, बाबा. इतकं चांगलं बांधलं होतं तुम्ही.

मग माझा उजवा खांदा आखडला. आदिलाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, या वयात बायकांना होतं, वर्ष-दीड वर्ष लागेल. पदर खांद्यावर घेता येईना, फळ्यावर वर लिहिता येईना. कोपरापासून खाली हात ठीक होता, वर मात्र जातच नव्हता. पहिले काही रविवार मी घरात बसले. मग एके दिवशी काठी काढून अंगणात उभी राहिले आणि डाव्या हातात धरली. पण रीळ फिरवायचा दांडा डाव्या बाजूला, म्हणजे उजव्या हातानं फेकणाऱ्यासाठी. काय करावं म्हणून मी रीळ उलटसुलट करून पाहिलं, तर दुसऱ्या बाजूला एक झाकण दिसलं. पैशासारखं गोल, मळानं बसून गेलेलं. स्वयंपाकघरातल्या सुरीच्या टोकानं फिरवलं तर निघालं. आत भोक होतं. दांडा काढून तिकडे लावला, बसला. रीळ बनवणाऱ्यानं दोन्ही हातांची सोय आधीच करून ठेवली होती, आणि तुम्ही इतक्या रिळांना तेल घातलंत, ते झाकण तुम्हाला दिसलं नसेल का? दिसलं असेल तर मला सांगितलं का नाही? हा प्रश्न मी तुम्हाला प्रेमानं विचारत नाही. सरळ विचारते आहे.

शाळेच्या मैदानावर, सुट्टीच्या दिवशी, मी गळाऐवजी नुसतं शिसं लावून सराव केला. भिंतीजवळ ट्रॅक्टरचं फाटकं टायर ठेवलं. सुरुवातीला हात लाजला, इतकी वर्षं कोपऱ्यात बसवलेला होता तो. पण त्याला रेषा माहीत होती. सरळ जायचं तर तो सरळच जायचा, कमी-जास्त व्हायचं ते फक्त अंतर. त्यावर उपाय तुमचाच, फक्त धाग्याऐवजी मी रिळाच्या कडेला असलेला बारीक चिमटा वापरला. दोरी हव्या त्या लांबीवर त्यात अडकवली की फेक तेवढ्यावरच जाऊन थांबते. जोर काढून टाकला. उगाच लांब फेकायची हौस सोडली. जेवढ्या अंतरावर मी दमले तरी तसंच फेकू शकेन, तेवढंच अंतर धरलं. पोळ्याच्या सुमारास शिसं टायरच्या आत पडायला लागलं. मी मैदानात एकटीच होते आणि मोठ्यानं म्हणाले, "समजते अंतर." शाळेचा शिपाई व्हरांड्यातून म्हणाला, "काय मॅडम?" मी म्हटलं, "काही नाही."

तलावावर लोकांना ते रुचलं नाही. पाळीवर दर रविवारी एक म्हातारे शेतकरी बसतात, कापसाची मोठी शेती, ट्रॅक्टर, त्यांची नातवंडं माझ्या वर्गात. त्यांनी पहिल्या दिवशी सभ्यपणे सांगितलं, "मॅडम, त्या हातानं नका टाकू. पानी नाराज होते." दुसऱ्या रविवारी म्हणाले, "तुमी तिकडं सांडव्यापाशी बसत जा, आमच्या रांगेत काऊन बसता?" सांडव्यापाशी खडक आहेत, तिथं गळ अडकतो. मी म्हटलं, "काका, तुमचा गळ दर वेळी वेगळीकडं पडतो, पाणी तरी कोणावर नाराज होणार?" बाकीचे हसले. ते हसले नाहीत. मी तिथंच बसले, आणि त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी तिथंच. सोपं नव्हतं ते. मी उठून गेल्यावर त्या जागेवर पाणी शिंपडलं जातं, हे मला कोणीतरी सांगितलं होतं. डाव्या हातासाठी शिंपडत होते की आणखी कशासाठी, ते मी विचारलं नाही.

आणि मग गेल्या श्रावणातली ती सकाळ. वरच्या अंगाला रात्रभर पाऊस झाला होता, इकडे नुसती भुरभुर. तलावावर काही जमेना म्हणून मी स्कूटी काढली आणि काठी मिटवून पायाशी आडवी ठेवून गावाकडं निघाले. वाटेत नाल्यावर रपटा आहे, म्हणजे कठड्याशिवायचा बुटका पूल, पावसात पाणी वरून जातं. तिथं गर्दी दिसली, ओरडणं ऐकू आलं. खुरपणीच्या बायांना घेऊन निघालेली ट्रॅक्टरची ट्रॉली रपट्याच्या मधोमध अडकली होती. एक चाक कडेवरून खाली गेलेलं, पाणी गढूळ, चढत चाललेलं. बाया ट्रॉलीच्या काठाला धरून उभ्या, एकमेकींच्या पदराला पदर बांधून. ड्रायव्हर बोनेटवर. ट्रॅक्टर त्या म्हाताऱ्या काकांचा, आणि ट्रॉलीत त्यांची धाकटी सून होती.

काठावर दोर होता, जाडजूड, पण तो फेकून तिथवर पोचेना. दगड बांधून फेकला तर निम्म्यात पडला आणि प्रवाहानं ओढून नेला. एक जण कपडे काढून उतरायला निघाला, त्याला चौघांनी धरून ठेवलं. अग्निशमनवाले आदिलाबादहून निघाले आहेत असं कोणी तरी फोन कानाला लावून सांगत होतं. मी काठी उलगडली. गळ तोडून टाकला, जड शिसं बांधलं. काका माझ्याकडं वळले, मला वाटलं आता ते हात धरतात की काय. "टाका मॅडम," म्हणाले. "टाका ना."

बाबा, मी तुमच्यासारखी आधी नुसती उभी राहिले. लोक ओरडत होते, "अवो टाका ना लवकर," आणि मी पलीकडच्या काठावर खूण शोधत होते. विजेचा एक खांब सापडला, बोनेटच्या रेषेत, किंचित वरच्या अंगाला. पहिली फेक मुद्दाम लांब टाकली. दोरी ट्रॅक्टरवरून पलीकडं गेली, पण ड्रायव्हरचा हात पोचायच्या आत प्रवाहानं शिसं ओढलं आणि ती घसरून गेली. ती परत गुंडाळताना मी अंदाज घेतला, जिथं हवी तिथं दोरी चिमट्यात अडकवली. पुढची फेक वाऱ्यानं खाल्ली. मग वारा थांबायची वाट पाहिली, खांबावरची नजर न हलवता. शिसं बोनेटवर वाजलं, इतक्या आवाजातही ते मला ऐकू आलं. ड्रायव्हरनं दोरी धरली, पण त्याची बोटं गारठली होती, निसटली. "गेली!" कोणीतरी ओरडलं. चिमटा तसाच होता, खांब तिथंच होता, माझा हात तोच होता. मी पुन्हा फेकली आणि शिसं पुन्हा त्याच जागी, बोनेटवर वाजलं. या वेळी त्यानं दोरी मनगटाला गुंडाळली. मी चिमट्यातून ती मोकळी करून रिळापासून कापली, काठावरच्या लोकांनी तिच्या मागच्या टोकाला सुतळी बांधली, सुतळीला दोर. ड्रायव्हरनं हळूहळू ओढत दोर घेतला आणि ट्रॉलीला बांधला. इकडे तो कडुनिंबाला आवळला. मग कोणीतरी आणलेली टायरची ट्यूब फुगवून दोराला अडकवली आणि एकेक बाई इकडे आली. काकांची सून शेवटच्या आधी आली. ती काठावर उलटी करत बसली आणि काका तिच्या पाठीवर हात ठेवून नुसतं "हो बाई, हो बाई," म्हणत राहिले. शेवटी ड्रायव्हर. ट्रॅक्टर दुपारपर्यंत टिकला, मग नाल्यात गेला.

त्या ट्रॉलीवरच्या एकीनंही विचारलं नाही की दोरी कोणत्या हातानं आली. तुम्ही म्हणाल, जीव जात असताना कोण विचारतं, पाणी उतरल्यावर बघ. बघितलं मी. पुढच्या आठवड्यात ती सून शाळेत आली, डब्यात पुरणाच्या पोळ्या घेऊन. मी तिला पाण्याचा पेला दिला, मुद्दाम डाव्या हातानं. तिनं आधी हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि पेला घेऊन सगळं पाणी प्यायली. आणि काका? ते रविवारी पाळीवर भेटले तेव्हा गळाला चारा लावता लावता म्हणाले, "त्या दिवशी वारं तुमच्या बाजूचं होतं, मॅडम." मी म्हटलं, "हो काका, होतं." पण आता मी उठून आल्यावर तिथं कोणी पाणी शिंपडत नाही.

सगळं बदललं असं मी म्हणत नाही. मी खोटं लिहीत नसते. त्याच गावात अजून एक घर आहे, जिथं जनगणनेला गेले, मतदार यादीला गेले, तर मला चहा घेणार का म्हणून विचारतात आणि आणत नाहीत. दर वेळी विचारतात, आणि दर वेळी आणत नाहीत. तिथं मी कायम उजवा हात पुढं केला आहे, बाबा. सही उजव्या हातानं, नमस्कार दोन्ही हातांनी. काही फरक पडला नाही. ज्याला घ्यायचं नाही त्याला बहाणा लागत नाही. तुम्ही माझा हात बांधून ज्यांचं तोंड बंद करणार होता, ते लोक माझ्या हाताकडं पाहतच नव्हते. हे ते उत्तर. त्या उन्हाळ्यात मला सुचलं असतं तर तुमच्या तोंडावर दिलं असतं, आणि तुम्ही चिडला असता, आणि कदाचित संध्याकाळी आपण दोघं तळ्यावर गेलो असतो.

तुमची भीती मला समजते. आजीच्या हातचं पाणी ज्यांनी घेतलं नाही, त्यांचा राग मला तुमच्याइतकाच येतो. पण त्यांच्यापायी माझा एक हात गेला होता, आणि तो मी परत घेतला आहे. तुमची परवानगी मागत नाही. माझी लेक हैदराबादला आहे, डाव्या हातानं लिहिते, डाव्या हातानं जेवते, डाव्या हातानं लोकांना वस्तू देते. तिला कधी कोणी बांधलं नाही. ती तुमची आठवण काढते तेव्हा चिक्कीची काढते. तेवढं मी तुमच्यासाठी राखलं आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. टाकायला जागा असती तरी बहुतेक टाकलं नसतं, कारण एक गोष्ट यात बसत नाही. गेल्या रविवारी पाळीवर एक नवीन बाई आली, नवऱ्याबरोबर, मंचेरियलकडची, हातात नवी कोरी काठी. बराच वेळ माझ्या मागं उभी राहून ती बघत होती. मग तिनं विचारलं, "अक्का, इतकं बरोबर त्याच जागी पडते, कोनं शिकवलं तुमाले?"

मी काठी मागं नेत होते, नजर समोरच्या झाडावर होती. विचार करायच्या आत तोंडातून गेलं, "आमच्या बाबांनी."

मागचं-पुढचं काही तिला सांगितलं नाही.